बरखास्त झालेल्या तालुका लोकल बोर्डाचा इतिहास कसा लिहावा

जुन्या शाळेच्या दाखल्यावर ‘लोकल बोर्ड मराठी शाळा’ असा शिक्का दिसतो, एखाद्या सातबाऱ्याच्या कब्जेदार सदरात ‘डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड’ हे नाव राहून गेलेले असते, आणि गावातली जुनी माणसे एखाद्या सडकेचा उल्लेख ‘बोर्डाचा रस्ता’ असा करतात. एवढ्या खुणा डोळ्यांसमोर असूनही गावोगावच्या इतिहासपुस्तिकांमध्ये तालुका लोकल बोर्डाला, म्हणजे ब्रिटिश काळातील तालुका पातळीवरच्या स्थानिक स्वराज्य संस्थेला, सहसा एका ओळीपेक्षा अधिक जागा मिळत नाही. मुंबई इलाख्यात ही बोर्डे १८८४ च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि १९३८ साली ती रद्द झाली. म्हणजे साधारण ५४ वर्षे ग्रामीण भागातील शाळा, विहिरी, सडका, धर्मशाळा आणि कोंडवाडे यांच्याशी त्यांचा संबंध होता. अशा एखाद्या बोर्डाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या स्थानिक अभ्यासकासाठी, शिक्षकासाठी किंवा ग्रामपंचायतीच्या उत्साही सदस्यासाठी कामाची पद्धत येथे दिली आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. आजची पंचायत समिती ही जुन्या तालुका बोर्डाची थेट वारस आहे, असे अनेक लेखक सरळ लिहून मोकळे होतात. तालुका बोर्डे १९३८ मध्ये गेली आणि पंचायत समित्या १ मे १९६२ रोजी आल्या. मधल्या २४ वर्षांत तालुक्याच्या पातळीवर अशी निवडून आलेली संस्थाच नव्हती आणि सर्व कारभार जिल्हा लोकल बोर्डाकडे एकवटला होता. त्यामुळे कार्यालय त्याच गावात आहे म्हणून वारसा तोच, असे समजून शोधाला निघालेला अभ्यासक पंचायत समितीच्या दफ्तरात महिनोन्‌महिने घालवतो आणि रिकाम्या हाताने परततो. खरा माग संस्थेच्या नावावरून काढता येत नाही. बोर्डाच्या ताब्यातील प्रत्येक वस्तू, म्हणजे शाळा, विहीर, सडक, जमीन, पुढे कोणाच्या हाती गेली हे पाहावे लागते, कारण कागदही बहुधा त्या वस्तूच्या मागोमाग गेलेले असतात.

कायद्यांची साखळी

दफ्तरखान्यात पाऊल ठेवण्यापूर्वी अभ्यासकाने कायद्यांचे एक पानभर टिपण तयार करावे. मुंबई इलाख्यात १८६९ च्या लोकल फंड कायद्याने जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा उपकर बसवला गेला आणि त्यातून जिल्हा व तालुका पातळीवर समित्या काम करू लागल्या. या समित्यांवर सरकारी अधिकाऱ्यांचेच वर्चस्व होते. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या १८ मे १८८२ च्या ठरावानंतर १८८४ चा लोकल बोर्ड कायदा आला आणि निवडणुकीचे तत्त्व ग्रामीण भागात प्रथमच शिरले. तरीही सुरुवातीच्या काळात जिल्हा बोर्डाचे अध्यक्षपद कलेक्टरकडे आणि तालुका बोर्डाचे प्रांताधिकाऱ्याकडे असे, हे विसरता कामा नये. १९२० मध्ये ग्रामपंचायतींचा कायदा झाला, १९२३ मध्ये लोकल बोर्डांचा नवा कायदा आला, त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणाचाही स्वतंत्र कायदा झाला, आणि १९३८ च्या दुरुस्तीने तालुका बोर्डे संपली. पुढे वसंतराव नाईक समितीने १५ मार्च १९६१ रोजी आपला अहवाल दिला आणि त्यावर आधारलेल्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाने जिल्हा लोकल बोर्डांचाही शेवट केला.

हे टिपण केवळ पार्श्वभूमीसाठी नाही. हातात आलेला कागद कोणत्या कायद्याखालचा आहे हे कळले की त्यावर सही करणारा अध्यक्ष निवडून आलेला होता की पदसिद्ध, सभासदांत इनामदारांचा प्रतिनिधी का आहे, आणि ‘कमिटी’ व ‘बोर्ड’ हे शब्द एकाच संस्थेसाठी आहेत की दोन वेगळ्या, या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळू लागतात.

ही साखळी सगळ्या महाराष्ट्राला लागू नाही. विदर्भाच्या नागपूरकडील भागात मध्य प्रांताचा १८८३ चा कायदा आणि वऱ्हाडात १८८५ चा वेगळा कायदा होता, तर १९४८ नंतर तेथे तहसील हा घटक धरून जनपद सभा स्थापन झाल्या. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने मुंबईचे कायदे तेथे लागूच नव्हते. त्या भागांतील संस्थांचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा लागतो. पुढील विवेचन मुंबई इलाख्यापुरते आहे.

हद्द

सर्वांत जास्त चुका हद्दीच्या बाबतीत होतात आणि त्या होणे स्वाभाविकही आहे, कारण आजचा तालुका आणि तेव्हाचा तालुका यांची नावे एक असली तरी गावे एक नसतात. पश्चिम महाराष्ट्रात तर ब्रिटिश मुलुख आणि संस्थानी मुलुख एकमेकांत इतके मिसळलेले होते की शेजारच्या दोन गावांपैकी एक बोर्डाच्या हद्दीत आणि दुसरे संस्थानात, अशी स्थिती सर्रास आढळे. औंध हे गाव आज खटाव तालुक्यात आहे. पण १९४८ पर्यंत ती एका संस्थानाची राजधानी होती आणि खटाव तालुका बोर्डाचा तिच्यावर काडीचाही अधिकार नव्हता. आटपाडीही त्याच संस्थानात होती. फलटण, भोर, जत, मिरज, सांगली, अक्कलकोट येथील अभ्यासकांनी १८८४ चा कायदा हाती घेण्याआधी आपले गाव त्या काळी नेमके कोणाचे होते, हे पाहून घ्यावे.

दुसरी अडचण जिल्ह्याची. तासगाव आणि वाळवा हे तालुके आज सांगली जिल्ह्यात असले तरी त्यांच्या तालुका बोर्डांचे सारे आयुष्य सातारा जिल्ह्यात गेले. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. चाळीसगाव बोर्डाचे कागद १९०६ पर्यंत खानदेश जिल्ह्याखाली आणि त्यानंतर पूर्व खानदेशाखाली शोधावे लागतात. चंदगडचा प्रदेश १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, त्यामुळे त्याचे जुने कागद कोल्हापुरात मिळाले नाहीत म्हणून ते नष्ट झाले असा निष्कर्ष काढू नये. उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग १९६० मध्ये गुजरातेत गेला. तेथील बोर्डाचा इतिहास लिहायचा तर राज्याची सीमा ओलांडण्याची तयारी हवी.

यावर उपाय एकच आहे. ज्या वर्षाविषयी लिहायचे आहे त्याच्या जवळच्या जनगणनेतील गावांची यादी घ्यावी, ती आजच्या तालुक्याच्या यादीशी ताडून पाहावी, आणि फरकाची गावे वेगळ्या रकान्यात लिहावीत. नकाशा काढता आला तर उत्तम. पण यादी असल्याशिवाय नकाशाला हात लावू नये.

पैसा

बोर्डाच्या कामाचा आवाका समजण्यासाठी त्याच्या ठरावांपेक्षा त्याचे हिशेब अधिक उपयोगी पडतात. सुरुवात एका सोप्या आकडेमोडीने करावी. १८६९ च्या व्यवस्थेत गावाची जमाबंदी, म्हणजे ठरलेला जमीन महसूल, ४,८०० रुपये असेल तर रुपयामागे एक आणा या दराने ४,८०० आणे, म्हणजे ३०० रुपये लोकल फंडात जमा होत. त्यातील एक तृतीयांश, म्हणजे १०० रुपये, शिक्षणासाठी आणि उरलेले २०० रुपये मुख्यतः सडका व इतर बांधकामांसाठी ठेवले जात. आता त्या गावात त्या वर्षी शाळा होती का, हे पाहावे. नसेल तर गावाने भरलेले शंभर रुपये दुसऱ्याच कोणाच्या मुलांवर खर्च झाले, असे अनुमान निघते. शेतकऱ्याकडून उपकर घ्यायचा आणि त्याच्या मुलाला शाळा मात्र द्यायची नाही, अशा स्वरूपाची तक्रार जोतीराव फुले यांनी केली होती. ती आपल्या तालुक्यात कितपत खरी होती हे गाववार तपासणे हे स्थानिक इतिहासकाराच्या आवाक्यातले आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे काम आहे.

हिशेब वाचताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक आणा म्हणजे १२ पै आणि एक रुपया म्हणजे १६ आणे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, म्हणून त्यापूर्वीच्या रकमांची बेरीज दशांशात करू नये. दुसरे, हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होई, तर महसुली वर्ष १ ऑगस्टला. उपकर महसुलाबरोबर वसूल होत असल्याने ‘सन १८९६-९७’ असे दोन कागदांवर लिहिलेले असले तरी ते एकाच बारा महिन्यांविषयी असतीलच असे नाही. तिसरे, १८९६-९७ आणि १८९९-१९०० यांसारख्या दुष्काळी वर्षांत महसूल तहकूब किंवा माफ झाला की उपकरही आटत असे, त्यामुळे नेमक्या गरजेच्या वर्षी बोर्डाची तिजोरी रिकामी दिसते. अशा वर्षातील खर्चाची घट पाहून बोर्डाला निष्काळजी ठरवणे अन्यायाचे होईल. आधी महसुलाची तहकुबी पाहावी.

आणखी एक गोष्ट नवख्या अभ्यासकाला चकवते. निधी मुख्यतः जिल्हा बोर्डाच्या हाती असे आणि तालुका बोर्डाला त्यातून वाटा मिळे. तालुका बोर्डाचे स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न फारच थोडे होते. म्हणून तालुक्याचा हिशेब एकटा वाचून काहीच उमगत नाही. त्याच वर्षाचा जिल्हा बोर्डाचा हिशेब शेजारी ठेवला म्हणजे मागणी किती होती आणि पदरात किती पडले, हे दिसते.

कागद कोठे शोधावेत

प्रथम छापील साधने. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ सालचा आहे आणि त्याची नवी आवृत्ती १९५४ सालची. पहिल्यात लोकल फंडाची जुनी व्यवस्था दिसते, दुसऱ्यात कार्यरत असलेले जिल्हा लोकल बोर्ड दिसते. तालुका बोर्डाचे जवळजवळ संपूर्ण आयुष्य या दोन खंडांच्या मधल्या फटीत नाहीसे झाले आहे. ही फट भरून काढण्यासाठी लोकल बोर्डांच्या कारभाराचे वार्षिक सरकारी अहवाल आणि मुंबई सरकारचे राजपत्र यांचा आधार घ्यावा. निवडणुकांच्या, सभासदांच्या नेमणुकांच्या आणि हद्दबदलाच्या अधिसूचना राजपत्रात मिळतात. वाचायला ते अत्यंत रुक्ष असले तरी तारखांच्या बाबतीत त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही.

त्यानंतर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या मुंबई, पुणे आणि कोल्हापूर येथील दफ्तरांकडे वळावे. ‘लोकल बोर्ड’ असे नाव लिहिलेला एकच रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, निघेल आणि त्यात सगळे सापडेल, अशी आशा धरू नये. शाळेचे प्रकरण शिक्षण खात्याच्या बाडात, जमिनीचे महसूल खात्याच्या आणि पुलाचे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बाडात असू शकते. मागणीपत्रावर विषय लिहिताना गावाचे नाव, वर्ष आणि वस्तू या तिन्हींचा उल्लेख करावा, आणि गावाचे नाव इंग्रजी अमदानीत कसकसे लिहिले जाई त्याची सगळी रूपे आधीच जमवून ठेवावीत.

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा परिषदेच्या अभिलेख कक्षात जिल्हा लोकल बोर्डाची जुनी प्रोसिडिंग बुके, म्हणजे सभांच्या कामकाजाच्या नोंदवह्या, असण्याचा संभव असतो. सरकारी अभिलेख अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेले असतात आणि कायम ठेवायचे कागद ‘अ’ वर्गात येतात, म्हणून चौकशीची सुरुवात तेथूनच करावी. तोंडी विचारणेला ‘तसे काही नाही’ असे उत्तर मिळाले तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि त्याला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. मात्र ‘बोर्डाचा इतिहास द्यावा’ अशी मागणी करू नये. अस्तित्वात असलेल्या कागदाचीच मागणी करता येते. १९६२ पूर्वीच्या ‘अ’ वर्ग अभिलेखांची यादी आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंदवही या दोन गोष्टी मागाव्यात. कागद नष्ट झालेले असले तरी कोणते नष्ट झाले हे कळणे हीसुद्धा माहितीच आहे.

मोडी लिपी येत नसेल तर ती शिकून घ्यावी. स्थानिक पातळीवरच्या कागदांत, विशेषतः जुन्या हिशेबांत आणि अर्जांत, ती अनेकदा आढळते. आणि दुसऱ्याकडून वाचून घेतलेल्या मजकुरात ज्या ओळी ‘महत्त्वाच्या नाहीत’ म्हणून वगळल्या जातात त्यांतच पुष्कळदा आपले उत्तर दडलेले असते.

वस्तूंचा माग

येथे मूळ मुद्द्याकडे परत यावे लागते. बोर्डाच्या ताब्यातील वस्तूंची यादी करून प्रत्येकीसाठी वेगळे पान करावे आणि तिचे हस्तांतर कालक्रमाने लिहावे.

शाळांचा प्रवास सर्वांत गुंतागुंतीचा आहे. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार जिल्हा पातळीवरील स्कूल बोर्डाकडे गेला, १९४७ च्या कायद्याने या व्यवस्थेची पुन्हा मांडणी झाली, आणि १९६२ मध्ये शाळा जिल्हा परिषदेच्या झाल्या. म्हणजे तालुका बोर्ड संपण्यापूर्वीच शाळेची वाट त्याच्यापासून वेगळी झाली होती. सुदैवाने शाळा स्वतःच आपले दफ्तर सांभाळतात. जनरल रजिस्टरमध्ये मुलांची नावे, जाती, पालकांचे धंदे आणि शाळा सोडण्याची कारणे मिळतात, आणि शेरेबुकात तपासणी अधिकाऱ्यांचे अभिप्राय. छत गळते, मास्तर दोन महिने आलेले नाहीत, मुले सुगीला गेली आहेत, अशा साध्या शेऱ्यांतून बोर्डाचा कारभार जितका उमजतो तितका तो कोणत्याही वार्षिक अहवालातून उमजत नाही. जनरल रजिस्टरमध्ये हयात असलेल्या व्यक्तींची किंवा त्यांच्या आईवडिलांची नोंद असू शकते. मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाहावे आणि नावे छापू नयेत.

जमिनी आणि इमारती यांच्यासाठी गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, पाहावी. धर्मशाळेची किंवा दवाखान्याची जागा बोर्डाच्या नावावर केव्हा आली आणि त्या नावावरून केव्हा उतरली, हे फेरफाराच्या क्रमांकावरून मागे मागे जात शोधता येते. गावठाणाचे नगरभूमापन झालेले असेल तर मिळकत पत्रिकाही काढावी. १९३८ मध्ये बोर्ड गेल्यानंतर कित्येक वर्षे नाव तसेच राहिलेले असेल, तर तो कारकुनी आळस समजून सोडून देऊ नये. त्या काळात त्या जागेची देखभाल कोण करत होते, हा पुढचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

सडकांचे काम त्या मानाने सोपे आहे. १९४३ च्या नागपूर योजनेत रस्त्यांची राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते अशी वर्गवारी झाली. बोर्डाच्या कोणत्या सडका कोणत्या वर्गात गेल्या एवढे पाहिले की पुरते. कोंडवाडे आणि नदी ओलांडण्यासाठीच्या होड्यांच्या तरी यांचा उल्लेख उत्पन्नाच्या बाजूला सापडेल. रकमा लहान असतात. पण लिलाव कोणी घेतले हे पाहण्यासारखे असते.

विहिरींविषयी मात्र थांबून लिहिले पाहिजे. रावबहादूर सीताराम केशव (एस. के.) बोले यांच्या (काही ठिकाणी हे नाव चुकीने सी. के. बोले असे छापले गेले आहे) ठरावाची तारीख टिपून ठेवावी: ४ ऑगस्ट १९२३. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी शिफारस मुंबई विधिमंडळाने या ठरावाने केली. लोकल बोर्डाच्या विहिरी त्यात सरळ येत होत्या. अंमलबजावणी होत नाही हे पाहून बोले यांनी १९२६ मध्ये, हा ठराव न पाळणाऱ्या संस्थांची अनुदाने रोखावीत अशा आशयाचा आणखी एक ठराव मांडला. म्हणून १९२३ ते १९२७ या काळातील प्रोसिडिंग बुक ओळ न ओळ वाचावे. ठराव बोर्डापुढे आला का, आला तर तो ‘दप्तरी दाखल’ झाला की त्यावर काही निर्णय झाला, आणि त्यानंतर विहिरीवर प्रत्यक्ष काय घडले, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. महाडचे चवदार तळे येथे उदाहरण म्हणून वापरताना जपावे, कारण ते नगरपालिकेच्या हद्दीत होते, तालुका बोर्डाच्या नव्हे; महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ते खुले केल्याचा ठराव केला होता आणि तरीही २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. कागदावरचा ठराव आणि पाण्यापर्यंतची वाट यांत किती अंतर असू शकते, हे त्यातून दिसते, आणि बोर्डाच्या कागदांकडेही त्याच नजरेने पाहावे.

लेखन

प्रोसिडिंग बुकातील प्रत्येक ठराव इतिहासात उतरवण्याचा मोह टाळावा. विहिरीचा ठराव मंजूर झाला एवढ्यावरून विहीर झाली असे लिहू नये; पुढच्या वर्षाच्या खर्चात ती रक्कम दिसली, ओव्हरसियरचा दाखला मिळाला किंवा विहिरीच्या कठड्यावर साल कोरलेले आढळले, तरच तसे विधान करावे. गणसंख्येअभावी तहकूब झालेल्या सभा मात्र आवर्जून मोजाव्यात. पेरणीच्या दिवसांत सभा तहकूब होतात की प्रांतसाहेब दौऱ्यावर असताना, यावरून बोर्ड खरोखर कोणाच्या वेळापत्रकाने चालत होते ते कळते.

समकालीन वृत्तपत्रांचा उपयोग करताना ती कोणाची बाजू घेत होती हे आधी नोंदवावे. पुण्याच्या पत्रांतील बातम्या आणि नेवासे तालुक्यातील तरवडीहून मुकुंदराव पाटील चालवत असलेल्या ‘दीनमित्र’ साप्ताहिकातील मजकूर यांचा सूर वेगळा असणार, आणि बोर्डाच्या निवडणुकांतील ब्राह्मणेतर चळवळीचा जोर समजून घ्यायचा तर दोन्ही बाजू वाचाव्या लागतात. तोंडी आठवणींच्या बाबतीत आता एक मर्यादा आली आहे. १९३८ पूर्वीचे बोर्ड कळत्या वयात पाहिलेली माणसे जवळजवळ उरलेली नाहीत, आणि आज सांगितल्या जाणाऱ्या ‘लोकल बोर्डा’च्या आठवणी बहुतेक १९३८ ते १९६२ मधील जिल्हा लोकल बोर्डाच्या असतात. त्या टाकाऊ नाहीत. पण त्या कोणत्या संस्थेविषयी आहेत हे सांगणाऱ्याच्या जन्मसालावरून ठरवून मगच योग्य प्रकरणात घालाव्यात.

प्रकरणांची रचना अध्यक्षांच्या कारकिर्दीनुसार करण्याची प्रथा आहे. तिच्यात सोय असली तरी तिने इतिहासाची मानपत्रे होतात. त्यापेक्षा पहिल्या प्रकरणात हद्द, दुसऱ्यात पैसा आणि नंतर एकेका वस्तूचे प्रकरण अशी मांडणी करावी, आणि सभासदांची यादी परिशिष्टात द्यावी. प्रत्येक वस्तूचे प्रकरण १९३८ वर न थांबवता ती वस्तू आज ज्याच्या ताब्यात आहे तेथपर्यंत आणावे. विहीर बुजली असेल तर ती कोणत्या गट क्रमांकात होती तेवढे तरी लिहावे.